फोटो बघून काढलं तर ते चित्र माझं राहतं का?

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी 24 वर्षांचा आहे, एका जाहिरात कंपनीत डिझायनर आहे. शाळेत असताना अ‍ॅलेक्स रॉस या अमेरिकन कॉमिक चित्रकाराने रंगवलेला सुपरमॅन पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे, अख्खं हाताने रंगवलेलं कॉमिक करायचं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी गुआशमध्ये, म्हणजे पोस्टर कलरसारख्या रंगात, पानं रंगवतो, सहा महिन्यांत आठ झाली. तीन गोष्टी छळतात. मी मित्रांचे फोटो काढून त्यावरून चित्र करतो, तर ऑफिसमधले एक सिनियर म्हणाले ही चीटिंग आहे, खरा आर्टिस्ट मनातून काढतो. दुसरं, सुरुवातीला चित्र छान दिसतं आणि रंग चढत गेले की सगळं मळकट होऊन जातं. तिसरं, रॉसचं 'मार्व्हल्स' हे रंगवलेलं कॉमिक आलं तेव्हा तो माझ्याच वयाचा होता, मग मला उशीर झालाय का? नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू का? सोबत दोन पानं पाठवतोय."

हे बघ, दोन्ही पानं मोठी करून नीट बघितली. आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे, तुला पान रचता येतं. दुसऱ्या पानावर तो म्हातारा वॉचमन मान वर करतो आणि लगेच पुढच्या पॅनेलमध्ये, म्हणजे चौकटीत, आपण त्याच्या नजरेने खालून वर, कठड्यावर उभा असलेला हिरो बघतो, आणि तिथे तू एकही संवाद ठेवला नाहीस. हे बऱ्याच जणांना खूप उशिरा सुचतं.

आता तेच मोठं पॅनेल परत उघड. हिरोच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून येतोय आणि मऊ आहे, खोलीतल्या दिव्याचा असावा. छातीवर मात्र कडक ऊन पडलंय आणि तेही उजवीकडून. म्हणजे चेहऱ्याचा फोटो आत काढलास, अंगाचा बाहेर काढलास आणि दोन्ही जोडलेस, आणि गोष्टीत तर रात्र चालू आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका पॅनेलमध्येच आहे. फोटो वापरणं चीटिंग नाही, अजिबात नाही, पण इथे उजेड कुठून यावा हे तू ठरवलंच नाहीस, ते फोटोने ठरवलं, आणि माझा सगळा आक्षेप फक्त तेवढ्यावर आहे.

तू रॉसचं नाव घेतलंस म्हणून त्याचाच क्रम सांगते. तो आधी छोटं रफ काढतो, थंबनेल, त्यात माणूस कुठे उभा, कॅमेरा वर की खाली, काळा भाग कुठे, हे सगळं ठरतं. मग त्या रफप्रमाणे खरी माणसं उभी करून, बहुतेक मित्रमंडळी आणि घरचेच, हवा तसा दिवा लावून फोटो काढतो. मग पेन्सिलने ड्रॉइंग. मग काळ्या जलरंगात जवळजवळ पूर्ण चित्र, फक्त काळं-पांढरं. रंग त्याच्यानंतर. म्हणजे फोटो हा तिथे मधला टप्पा आहे, फोटोच्या आधी चित्र ठरलेलं असतं. तू उलट करतोयस असं मला पानं बघून वाटतंय, फोटो आधी आणि चित्र त्याच्या मागे फरफटत.

आणि ही काही रॉसची एकट्याची खोड नाही. अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल, ज्याला रॉस गुरुस्थानी मानतो, तो 1930 च्या दशकाच्या मध्यापासून फोटोवरूनच काम करायचा. शेजारपाजारची माणसं बोलवायची, त्यांच्याकडून हावभाव करून घ्यायचे, अगदी स्वतः करून दाखवायचे, फोटोग्राफरला सांगून हवे तेवढे फोटो काढून घ्यायचे आणि मग एकाचा हात, दुसऱ्या फोटोतला चेहरा असं जुळवत चित्र बांधायचं. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या मासिकासारख्या नियतकालिकाची तीनशेहून जास्त मुखपृष्ठं त्याने केली. कुणी म्हणेल का की ती रॉकवेलची नाहीत? तुझ्या सिनियरना हे ऐकवायची गरज नाही, वाद घालू नकोस, पण तुझ्या मनातून ती टोचणी काढून टाक.

एक मात्र खरं आहे आणि ते मी रॉसचं काम मनापासून आवडत असूनही सांगते, फोटोवर जास्त टेकलं की माणसं ताठरतात. रॉसच्याही काही पानांवर माणसं पोज देऊन उभी वाटतात. धावणारा माणूस फोटोत नेहमी थोडा हळूच धावतो, मारणारा हात हवेत थांबलेला दिसतो, कारण मॉडेल खरंच थांबलेलं असतं. म्हणून थंबनेलमध्ये जो झोक होता तो शेवटपर्यंत जपायचा, फोटोत खांदा सरळ असेल आणि तुझ्या रफमध्ये झुकलेला असेल तर रफ बरोबर, फोटो चूक. रफ समोर चिकटवून ठेव, फोटो बाजूला. आणि फोन फार जवळ नेऊन फोटो काढू नकोस, जवळून काढलं की डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, तुझ्या दुसऱ्या पानावर वॉचमनचं तेच झालंय. चार पावलं मागे जा, झूम कर, फोन माणसाच्या छातीच्या उंचीवर धर. खालून बघायचं असेल तरच खाली बस.

दिव्याचं म्हणशील तर एकच दिवा लाव. खोलीतले बाकीचे सगळे बंद, पडदे ओढलेले, एक टेबललॅम्प. गोष्टीत चंद्र उजवीकडे असेल तर लॅम्प उजवीकडे. मॉडेल मिळत नसेल तर मातीचं एक डोकं करून ठेव, ओबडधोबड चालेल, नाक, भुवई आणि हनुवटी तेवढी बाहेर आलेली पाहिजेत, म्हणजे सावली कुठे पडते ते कुठल्याही वेळी, कुणालाही न बोलावता बघता येतं. पोशाखाचंही बघ, पूर्ण सूट शिवायची गरज नाही पण अंगात काहीतरी घट्ट कापड आणि खांद्यावर एक चादर पाहिजेच, रॉसचा सुपरमॅन खरा का वाटतो त्यातलं अर्धं त्या कापडात आहे, काखेत आणि कंबरेला सुरकुत्या पडतात, आणि लोकांचा विश्वास बसतो की हा माणूस आहे आणि त्याने हे कपडे घातलेत.

आता मळकट रंगाचं, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण तुझी खरी अडचण ही आहे असं मला वाटतं, आणि ती रंगाची कमी आणि छायाप्रकाशाची जास्त आहे.

गुआश म्हणजे पोस्टर कलरच्या जातीचाच, झाकणारा जलरंग. त्यात रंगद्रव्य जास्त, आणि बांधायला डिंक. हा डिंक वाळला तरी पाणी लागलं की परत विरघळतो. म्हणजे तू खालचा थर वाळल्यावर वरून ओला ब्रश फिरवलास की खालचा रंग उठतो आणि वरच्यात मिसळतो. एकदा फिरवला तर फारसं काही होत नाही. पण तू दुरुस्त करायला तिथेच तीन-चार वेळा फिरवतोस, ते हिरोच्या गालावर स्पष्ट दिसतंय, खालचा निळा वर आलाय, कातडीचा केशरी त्यात मिसळलाय आणि दोन्ही मेलेत. त्यावर उपाय म्हणून तू पांढरा घातलास, मग ते खडूसारखं झालं, मग गडद करायला काळा घातलास. बरोबर ना? अशीच साखळी बनते.

रॉसच्या पद्धतीत ही साखळी सुरूच होत नाही, कारण काय गडद आणि काय उजळ हा निर्णय रंग यायच्या आधीच काळ्या-पांढऱ्यात झालेला असतो. रंगाला मग फक्त रंग द्यायचा असतो, आकार घडवायचा नसतो. खालचं काळं-पांढरं तो पातळ जलरंगात करतो, ते कागदात मुरतं, त्यावर पातळ रंग चढतो, आणि अगदी शेवटी जाड झाकणारा रंग फक्त उजेडाच्या जागी. तेजोवलय, डोळ्यांतून निघणारा प्रकाश वगैरेसाठी थोडा एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा, तेही सगळं झाल्यावर. आणि खाली तपकिरी न घेता काळाच का, याचं मला वाटणारं कारण असं की कॉमिकमध्ये मुळात शाईची काळी सावली असते आणि ती खाली राहिली की एवढं वास्तववादी रंगवूनही पान कॉमिकचंच दिसतं, ऑइल पेंटिंगचा फोटो छापल्यासारखं वाटत नाही.

तुला माझं सांगणं असं की पुढचं पान पूर्ण काळ्या-पांढऱ्यातच कर आणि थांब. त्याचा फोनवर फोटो काढ, लहान कर, बोटाच्या पेरभर दिसेल इतका. तरीही कोण कुठे आहे, नजर कुठे जाते हे कळलं तर रंग उघड. नाही कळलं तर रंगाने ते कधीच कळणार नाही. हे काळं-पांढरं पाण्याने न उठणाऱ्या शाईत केलंस, शाई पातळ करून, तरी चालेल, उलट तुझ्यासारख्या परत परत ब्रश फिरवणाऱ्याला तेच सोयीचं, कारण वाळल्यावर ती हलणार नाही. अ‍ॅक्रिलिक गुआश पण मिळतो, तोही वाळला की पक्का होतो, पण त्यात कडा मऊ करायला वेळ मिळत नाही, म्हणून तुला मी शाईच सुचवेन.

बाकी बारीकसारीक. वरच्या थराला पाणी कमी, रंग जास्त, एकदा लावला की हात उचलायचा. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला, तुझ्या पानांवर सगळ्या उजळ रंगांत जो राखाडी पडदा आहे तो मला वाटतं एकाच भांड्यातल्या पाण्याचा आहे. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग नकोत. आणि गुआश वाळला की बदलतो हे लक्षात ठेव, उजळ रंग थोडा गडद होतो आणि गडद थोडा फिका पडतो, त्यामुळे त्याच कागदाची एक पट्टी बाजूला ठेवायची, प्रत्येक मिश्रण आधी तिच्यावर लावायचं, वाळू द्यायचं आणि मग पानाला हात लावायचा. कंटाळवाणं आहे. तरी कर.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण विचारायला हवी होती. तुझ्या या गोष्टीला फोटोसारखं रंगवणं लागतं का? 'मार्व्हल्स'मध्ये ते का शोभलं ते बघ, त्यात गोष्ट एका प्रेस फोटोग्राफरची आहे, साध्या माणसाची, तो रस्त्यावर उभा राहून वर उडणाऱ्या या अचाट लोकांकडे बघतो, आणि कर्ट ब्युसिकने लिहिलेली ती गोष्ट आपल्याला पटायची असेल तर ते अचाट लोक खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उन्हात दिसायलाच हवे होते. पद्धत गोष्टीतून आली. रॉसच्याच 'किंगडम कम' या कॉमिकमध्येही आपण एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या डोळ्यांनी बघतो, आणि त्या पाद्र्यासाठी रॉसने आपल्या वडिलांनाच मॉडेल केलं, जे स्वतः पाद्री होते. तुझा वॉचमन हा तसाच माणूस आहे, खालून वर बघणारा, म्हणून तुला ही पद्धत जमेल असं मला वाटतं. पण रंगवलेलं कॉमिक म्हणजे फक्त हेच असं समजू नकोस. बिल सिएनकिएविचने 1986 मध्ये 'इलेक्ट्रा: असॅसिन'मध्ये जलरंग, कोलाज, व्यंगचित्र सगळं एकाच पानावर आणलं, डेव्ह मॅकीनने 1989 च्या 'अर्कम असायलम'मध्ये चेहरे धुक्यात ठेवले आणि त्याची भीती अजून वाटते. ही दोन्ही बघ. नक्कल करू नकोस पण बघ, कारण तुझ्या पहिल्या पानावरचं स्वप्नाचं दृश्य फोटोसारखं रंगवून तू त्याची मजा घालवलीस असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वय आणि नोकरी. हो, रॉसचा जन्म 1970 चा आणि 'मार्व्हल्स' 1994 चं, हिशोब बरोबर आहे. पण त्या 24 मध्ये काय काय होतं तेही मोज. आई स्वतः कमर्शियल आर्टिस्ट. 17 व्या वर्षी शिकागोच्या अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्टमध्ये गेला, तिथेच आई शिकली होती आणि तिथेच एके काळी आकृती काढायला शिकवणारी पुस्तकं लिहिणारा अँड्र्यू लूमिस शिकवायचा, तिथे त्याने मन लावून माणसाची आकृती काढली. मग शिकागोतच जाहिरात कंपनीत स्टोरीबोर्ड आर्टिस्ट. नोकरी, तुझ्यासारखीच. 1990 मध्ये 'टर्मिनेटर'वरचं एक कॉमिक आलं, त्याची फार कुणी दखल घेतली नाही. त्यानंतर चार वर्षांनी 'मार्व्हल्स'. म्हणजे ज्या नोकरीला तू अडथळा समजतोयस तसलीच नोकरी त्याच्याही वाटेवर होती, आणि स्टोरीबोर्ड म्हणजे काय, कमी वेळात, ठरलेल्या चौकटीत, दुसऱ्याला लगेच कळेल असं चित्र काढणं. कॉमिकला नेमकं तेच लागतं. तुझ्या कंपनीत स्टोरीबोर्डचं काम असेल तर स्वतःहून मागून घे, खरंच.

तेव्हा नाही, आत्ता नोकरी सोडू नकोस. तू भित्रा आहेस म्हणून नाही सांगत, हिशोब बघून सांगते. सहा महिन्यांत आठ पानं, या वेगाने 22 पानांचा एक अंक व्हायला 16-17 महिने लागतील. पूर्ण वेळ दिलास तर वेग वाढेल पण तू समजतोस तितका नाही, कारण तुझा वेळ खाणारी गोष्ट नोकरीपेक्षा ती गालावरची दुरुस्ती आहे. आणि अख्खं कॉमिक पानापानाने रंगवणं हे रॉसलाही सतत जमण्यासारखं राहिलं नाही. 2005 ते 2007 मध्ये 'जस्टिस' नावाची 12 अंकांची मालिका आली तेव्हा पेन्सिलचं काम डग ब्रेथवेटने केलं, वरून रंग रॉसने चढवले, आणि तरी अंक दर महिन्याला न येता दोन महिन्यांनी यायचा. पुढे त्याचं नाव जास्त करून कव्हरसाठीच झालं, 2018 ते 2021 मधल्या 'इम्मॉर्टल हल्क'च्या सगळ्या 50 अंकांची कव्हरं त्याची आहेत. मधे मधे इतर कामं, 2002 च्या ऑस्करसाठी पोस्टर, 'स्पायडरमॅन 2' सिनेमाच्या सुरुवातीची चित्रं. आणि 2022 मध्ये 'फँटास्टिक फोर: फुल सर्कल' स्वतः लिहून काढलं तेव्हा त्याने पूर्ण रंगवणं सोडून चक्क रेषेत काम केलं आणि वर भडक सपाट रंग ठेवले. पन्नाशीनंतर. म्हणजे रंगवलेली पानं हे त्याच्याही आयुष्यातलं काही वर्षांचं काम आहे, रोजचं पोट भरायचा मार्ग प्रत्येक वेळी तोच नव्हता.

त्यातून तुझ्यासाठी मला जे दिसतं ते असं. 100 पानांचं महाकाव्य डोक्यातून बाजूला ठेव, आत्ता आठ पानांची एक पूर्ण गोष्ट कर जिला शेवट आहे. आहेत त्याच आठ पानांची वॉचमनची गोष्ट संपवता येते का बघ, मला वाटतं येते, एखादं पान नवीन करावं लागेल आणि स्वप्नाचं दृश्य परत. त्यातलं मोठं पॅनेल मी वर सांगितलं तसं एका दिव्यात नव्याने फोटो काढून, काळ्या-पांढऱ्यातून सुरू कर. आणि ज्यांना घाईत रंगवायचं नाही त्यांनी रेषेत पण काम करायला शिकावं, आठवड्यातून एक पान नुसतं शाईत काढ, रंग नाही, म्हणजे पुढे कुणी महिन्याभरात 20 पानं मागितली तर नाही म्हणावं लागणार नाही.

प्रकाशकाला किंवा संपादकाला पाठवताना सुटी सुंदर चित्रं पाठवू नकोस, सलग पानं पाठव, निदान पाच-सहा, कारण त्यांना तू हिरो कसा काढतोस यापेक्षा गोष्ट कशी सांगतोस ते बघायचं असतं, सोबत कव्हरसारखं एकच चित्र पुरे. पानं स्कॅन कर, फोनवर फोटो काढून पाठवू नकोस, मला पाठवलेल्या फोटोंमध्ये कडा वाकल्यात आणि पांढरा पिवळा पडलाय. आणि तो वॉचमन पहिल्या पॅनेलमध्येच आण, आत्ता तो दुसऱ्या पानावर येतो आणि तोपर्यंत आपल्याला कळतच नाही की ही गोष्ट त्याची आहे.